‘कृपा झाली’ म्हणताना

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



गेल्या मे महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी पश्चिमेकडून आभाळ काळंनिळं झालं, धूळ उठली आणि अर्धा तास असं वादळ झालं की आमच्या गल्लीतले पत्रे थडाथड वाजत होते आणि गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं उडून दुसऱ्याच्या अंगणात पडली. रात्री उशिरा लाईट आली, मोबाईल चार्ज झाले आणि आपल्या ग्रुपवर मेसेज यायला लागले. ‘सद्गुरुकृपेने आमची बाग वाचली.’ ‘बाजूच्याची सगळी केळी आडवी झाली, आमच्या एका घडालाही धक्का नाही, माउलींची लीला.’ ‘आज सकाळीच पारायण पूर्ण झालं होतं, म्हणूनच वाचलो.’ प्रत्येक मेसेजखाली हात जोडलेल्यांची रांग. त्यात आमचेही मेसेज होते, हे आधीच सांगून टाकतो.

त्याच ग्रुपमध्ये शहापूरकडच्या एका खेड्यातली आपली एक गुरुभगिनी आहे. तिने त्या रात्री काहीच लिहिलं नाही. तिचा धाकटा दीर मोटर बंद करायला शेतात गेला होता. वारं सुटलं म्हणून तो तिथल्या खोलीच्या आडोशाला थांबला आणि त्याच खोलीची भिंत त्याच्या अंगावर आली. आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

चौथ्या दिवशी आम्ही पाच जणी डबा, साखर, चहापत्ती घेऊन गेलो. ती ओट्यावर बसली होती. रडत नव्हती. थोड्या वेळाने तिने मोबाईल काढला, त्या रात्रीचे मेसेज वर सरकवत सरकवत आम्हाला दाखवले आणि शांतपणे म्हणाली, “ताई, तुमच्यावर कृपा झाली ना? मग आमच्या घरावर काय झालं, तेवढं सांगा. पारायणाला तर मीही बसले होते.”

पाचही जणींना उत्तर आलं नाही. परत येताना गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही. त्या दिवसापासून हा विषय आमच्या गुरुवारच्या बैठकीत पुन्हा पुन्हा निघतो. त्यातून जे हाती लागलं ते लिहितो आहोत. आम्ही काही शास्त्री-पंडित नाही. चुकलं असेल तर मोठ्यांनी सांगावं.

*देवळातच असं झालं तर?*

शेगावला आपण सगळेच जातो. भुसावळहून अकोल्याच्या गाडीत बसलं की शेगावनंतर, अकोल्याच्या अलीकडे पारस लागतं. वीज केंद्राचं पारस. 9 एप्रिल 2023, रविवारची संध्याकाळ. तिथल्या बाबूजी महाराज मंदिरात भाविक जमले होते. वादळ आणि जोराचा पाऊस सुरू झाला म्हणून लोक पत्र्याच्या शेडखाली आले. शेजारचं कडुनिंबाचं जुनं, प्रचंड झाड मुळासकट उपटून त्या शेडवर पडलं. 7 जणांचा जीव गेला. तीसच्या आसपास लोक जखमी झाले.

आपल्यासारखेच लोक. हातात पूजेचं ताट, पायात घरच्याच चपला, पोरांना सोबत घेऊन आलेले. देवाच्या दारात, आरतीच्या वेळेला. आता सांगा, त्यांची भक्ती कुठे कमी पडली?

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत टॉर्नेडो नावाची वादळं होतात. मोठ्या गडगडाटी ढगातून फिरत्या वाऱ्याचा सोंडेसारखा खांब जमिनीला टेकतो आणि त्याच्या वाटेत येईल ते उचलून फेकतो. कधी कधी एकाच दिवसात अशी अनेक वादळं लागोपाठ उठतात. 27 मार्च 1994 ला अलाबामा, जॉर्जिया या राज्यांत तसंच झालं. एकूण 40 माणसं गेली. त्यातली 20 एकाच चर्चमध्ये, पीडमाँट गावाजवळच्या गोशेन चर्चमध्ये. रविवार होता, त्यांच्या ईस्टरच्या आधीचा पवित्र रविवार. प्रार्थना चालू होती, मुलांचा कार्यक्रम चालू होता, आणि छप्पर व भिंत कोसळली. त्या चर्चच्या धर्मगुरू केली क्लेम नावाच्या बाई होत्या. गेलेल्यांमध्ये त्यांची स्वतःची चार वर्षांची मुलगी होती.

आणि बांगलादेशातल्या माणिकगंज भागात 26 एप्रिल 1989 ला असंच टॉर्नेडो आलं. जगात नोंदलेल्या टॉर्नेडोंमधलं ते सर्वांत जीवघेणं मानतात. सुमारे 1300 माणसं गेली. रमजानचा महिना होता. कित्येकांना रोजा असेल.

देऊळ, चर्च, रोजा. वाऱ्याने कोणालाच विचारलं नाही, तुम्ही कोणाचे म्हणून. आपल्या बुऱ्हाणपुरात तिन्ही धर्मांची दारं एकाच रस्त्यावर सापडतात, म्हणून हे तिन्ही मुद्दाम सांगितले.

*आपल्याजवळची तीन उत्तरं*

अशा वेळी आपल्या तोंडात तीन उत्तरं तयार असतात. आम्ही तिन्ही उलटसुलट करून पाहिली.

पहिलं, “भक्ती कमी पडली असेल.” हे उत्तर आम्हाला तुकोबांपाशी टिकत नाही. 1630च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्यात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तुकोबांची भक्ती कमी पडली, असं म्हणायची कोणाची छाती आहे का? मग जी गोष्ट तुकोबांबद्दल म्हणता येत नाही, ती शहापूरकडच्या एका बाईबद्दल किंवा पारसच्या भाविकांबद्दल म्हणायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

दुसरं, “ज्याचं त्याचं प्रारब्ध.” कर्माचा सिद्धांत आपण मानतो. पण तो कोणी कोणाला सांगायचा, हे पाहावं लागतं. माझ्यावर संकट आलं आणि मी म्हटलं की हे माझं प्रारब्ध, मी सोसेन, तर त्यातून मला बळ येतं. तेच वाक्य मी दुसऱ्याच्या दारात जाऊन म्हटलं की त्याचा निकाल होतो. आरसा स्वतःचं तोंड बघायला असतो, दुसऱ्याच्या डोळ्यांवर ऊन पाडायला नसतो.

आणि इथे एक गोष्ट आहे, जी आम्हाला मागाहून कळली. त्या गुरुभगिनीच्या मालकांनीच धाकट्या भावाला सांगितलं होतं, “जा रे, मोटर बंद करून ये.” तेव्हापासून ते गृहस्थ नीट जेवत नव्हते. ‘मी पाठवलं’ एवढंच धरून बसले होते. अशा माणसाच्या कानावर ‘प्रारब्ध’, ‘मागच्या जन्मीचं पाप’ हे शब्द पडले तर काय होईल? आम्ही सहानुभूती म्हणून बोलू आणि त्याच्या छातीवर आणखी एक भिंत पडेल.

तिसरं, “हा संकेत आहे, शिक्षा आहे.” या बाबतीत आपल्याच देशात दोन थोर माणसांचा जाहीर मतभेद झाला होता. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला, हजारो माणसं गेली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्ध देशभर फिरत होते. ते म्हणाले, हा अस्पृश्यतेच्या पापाचा दंड आहे. रवींद्रनाथ टागोरही अस्पृश्यतेच्या विरोधातच होते, तरी त्यांनी उघडपणे हरकत घेतली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की भूकंपाचं कारण जमिनीत शोधा, ते माणसांच्या पापाशी जोडू नका; उद्या सनातनी लोक हाच भूकंप तुमच्याच चळवळीमुळे झाला म्हणतील. गांधीजींचा मोठेपणा असा की त्यांनी ती टीका आपल्या ‘हरिजन’ पत्रात छापली. मत मात्र बदललं नाही.

आमच्या बैठकीत यावर वाद झाला. काही जणी गांधीजींच्या बाजूने होत्या. निदान त्यांनी पाप म्हटलं ते स्वतःच्या समाजाचं, स्वतःलाही त्यात धरून. ते खरं आहे. पण शेवटी बहुतेकींना टागोरांचं पटलं. कारण भिंतीखाली जो सापडतो तो बहुधा गरीब असतो. कच्च्या भिंतीचं घर त्याचं, पत्र्याची शेड त्याची. पक्क्या घरातल्याचं पाप कमी असतं म्हणून तो वाचतो का? किल्लारीला 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा लोक गणपती विसर्जन करून झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं धाबं त्यांच्या अंगावर आलं. तिथे माणसं घरांच्या बांधणीमुळे जास्त गेली. हे आपण पाप-पुण्याच्या वहीत लिहिलं तर पुढचं घर नीट बांधायचं कोण शिकणार?

*मग आभारही मानायचे नाहीत का?*

हा प्रश्न आमच्यातल्या सर्वांत वडील आक्कांनी विचारला, आणि जरा रागानेच. “सत्तर वर्षं झाली मला नाव घेते आहे. संकटातून सुटल्यावर हात जोडले जातात, ते काय दाबून ठेवू?”

आक्कांचं चूक नाही. हात जोडले गेलेच पाहिजेत. वाचल्यावर ज्याला काहीच वाटत नाही, तो माणूस कोरडा. म्हणून आम्ही फरक कुठे आहे ते शोधलं. देवाला सांगायचं ते देव्हाऱ्यापुढे सांगता येतं, उशीवर डोकं टेकताना सांगता येतं. सद्गुरूंना आपला मेसेज वाचायला नेटवर्क लागत नाही. ग्रुपवर जे टाकतो ते माणसं वाचतात. आणि दोनशे माणसांच्या ग्रुपवर त्या रात्री कोणाचं काय झालंय, हे आपल्याला ठाऊक नसतं. ‘बाजूच्याची आडवी झाली, माझी उभी’ या वाक्यात आभार अर्धाच आहे. उरलेलं अर्धं वाक्य बाजूच्याला ऐकू जातं.

आक्का बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “माझे यजमान गेले तेव्हा एकीने मला सांगितलं होतं, तुझं सौभाग्य कमी होतं. चाळीस वर्षं झाली, मी विसरले नाही.” एवढंच बोलून त्या उठल्या आणि निरांजनात तेल घालायला गेल्या.

आता आम्हाला असं वाटतं की वाचणं हे बक्षीस समजू नये, ते ऋण समजावं. माझी बाग उभी राहिली, तर बाजूच्याच्या बागेत चार दिवस मोडकी खोडं उचलायला जाण्याइतका वेळ मला मिळाला. माझं घर शाबूत आहे, म्हणजे आज दहा माणसांची चूल माझ्याकडे पेटू शकते. तुकोबांची गोष्ट दुष्काळावर संपत नाही. परंपरा सांगते की त्यानंतर त्यांनी लोकांच्या कर्जाची आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली. स्वतःचं सगळं गेलेलं असताना दुसऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. ‘का झालं’ याचं उत्तर त्यांना मिळालं की नाही, आपल्याला सांगता येत नाही. आता काय करायचं, ते मात्र त्यांनी केलं.

गोशेनच्या त्या धर्मगुरू बाईंनीही मुलीला पुरून, आठवड्याने आलेल्या ईस्टरच्या पहाटे उरलेल्या लोकांना घेऊन प्रार्थना केली. आम्ही घरच्या बायका आहोत. या गोष्टीपुढे आमचे शब्द थांबतात.

*शिक्षा नव्हती, पण शिकायचं होतं*

वादळ आपल्या हातात नाही. पण त्यात माणसं कशाने मरतात, ते बरंचसं आपल्या हातात आहे. एप्रिल-मे-जूनमध्ये जमीन तापते, वर ओलसर हवा येते, उंच ढग तयार होतात. त्या ढगातून थंड हवा एकदम खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरत धावते. म्हणून पाऊस यायच्या आधी तो गार, जोरदार झोत येतो. तो झोत आला की आपल्याजवळ काही मिनिटंच असतात.

गोशेनमध्ये इशारा 10-12 मिनिटं आधी निघाला होता, पण चर्चमध्ये बसलेल्यांपर्यंत तो पोहोचला नाही. त्यानंतर तिकडे हवामानाचा इशारा देणारे रेडिओ चर्च, शाळा अशा ठिकाणी ठेवण्यावर भर दिला गेला. प्रार्थना थांबली नाही, तिच्या शेजारी एक रेडिओ आला. यात श्रद्धेला कमीपणा कुठे आला?

आपल्याकडे आता मोबाईलवर ‘दामिनी’ अॅप आहे, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेलं. आपल्या जवळपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते सांगतं. म्हणून आम्ही आमच्या गटापुरते हे ठरवलं आहे. बाकी गटांनी पटलं तर घ्यावं:

1. एप्रिल ते जून कार्यक्रम असेल त्या दिवशी एका भगिनीकडे फक्त आभाळ आणि मोबाईल बघायचं काम. गडगडाट ऐकू आला की आरती पक्क्या इमारतीत. पत्र्याच्या शेडखाली किंवा झाडाखाली कोणी थांबायचं नाही. प्रसाद नंतर.

2. केंद्राजवळच्या जुन्या झाडांच्या वाळक्या फांद्या पावसाळ्याआधी नगर निगम किंवा ग्रामपंचायतीला सांगून काढायच्या. झाड तोडायचं नाही. पार बांधताना बुंध्याला चिकटून सिमेंट घालायचं नाही. मुळांना पाणी आणि हवा लागते.

3. वारं सुटल्यावर मोटर, पत्रे, ताडपत्री, जनावरं यांसाठी कोणालाही शेतात पाठवायचं नाही. मोटर जळाली तर दुसरी येते.

4. वादळानंतर ग्रुपवर पहिला मेसेज एकच: “सगळे घरी पोहोचले का? कोण कुठे आहे?” सगळ्यांचं उत्तर येईपर्यंत दुसरं काही टाकायचं नाही.

5. ज्या घरात माणूस गेलं, तिथे कारण सांगायचं नाही. बसायचं, भांडी घासायची, लेकरांना जेवू घालायचं.

*तेराव्यानंतर*

आम्हाला सर्वांत जास्त शिकवलं ते तेराव्यानंतरच्या दिवसांनी. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी गाड्या निघून जातात आणि खरं दुःख तेव्हा घरात येऊन बसतं. बातमीत मेलेल्यांचा आकडा येतो. जे उरले, त्यांचा आकडा कोणी लिहीत नाही. गेलेल्या दिराची सहा वर्षांची मुलगी आभाळ भरून आलं की अजून पलंगाखाली जाते. तिची आई शेतात त्या बाजूला पाऊल टाकत नाही. आणि मोठा भाऊ, ज्याने पाठवलं होतं, तो.

कागदांचंही तसंच. मध्य प्रदेशात राजस्व पुस्तक परिपत्रक 6-4 खाली नैसर्गिक आपत्तीत माणूस गेल्यास वारसाला 4 लाख रुपयांची मदत मिळते. पण त्यासाठी पंचनामा, पोस्टमार्टम रिपोर्ट, वारसाची कागदपत्रं लागतात. रडणाऱ्या घरात हे कोणाच्या लक्षात राहतं? पटवारी, तहसील असे फेरे लागतात. आमच्यातल्या दोघी तिच्या जावेसोबत चार वेळा गेल्या. झेरॉक्स काढणं, रांगेत उभं राहणं, बाळाला कडेवर घेणं, हीच आमची त्या महिन्याची सेवा. त्यात कोणतीही लीला नव्हती, घाम होता.

आम्ही त्या गुरुभगिनीची माफी मागितली. ग्रुपवर नाही, तिच्या घरी जाऊन. तिने “असू द्या” म्हटलं, पण तिचं मन लगेच मोकळं झालं असं नाही. चार महिने ती केंद्रात आली नाही. आम्हीही “ये” म्हटलं नाही, फक्त जात राहिलो. कधी भाजी घेऊन, कधी रिकाम्या हाताने. तिच्या मालकांशी आमच्यातल्या एकीच्या यजमानांनी शेतात बसून बऱ्याच गोष्टी केल्या. काय बोलले, आम्ही विचारलं नाही. आता ते जेवतात.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी ती आली. मागे बसली, नामस्मरण केलं, प्रसाद घेतला. जाताना म्हणाली, “ताई, माझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं का?”

आम्ही म्हटलं, “नाही.”

ती म्हणाली, “बरं झालं. सापडलं म्हणाला असता तर मी परत आले नसते.”

या वर्षी एप्रिलच्या शेवटी पुन्हा एकदा तसंच आभाळ आलं. लाईट गेली, पत्रे वाजले. ग्रुपवर पहिला मेसेज आला तो तिचाच होता: “सगळे घरी पोहोचले का?”

एकेक करून उत्तरं येत गेली. शेवटचं उत्तर रात्री साडेदहाला आलं. मग आम्ही आपापल्या देव्हाऱ्यापुढे हात जोडले.

सद्गुरुचरणी एवढीच प्रार्थना की आमच्या श्रद्धेने कोणाचं दुःख वाढू नये.

॥ जय गुरुदेव ॥ 🙏

— महिला सेवा-गट, बुधवारा, बुऱ्हाणपूर

(आपापल्या कुटुंबाच्या ग्रुपमध्ये जरूर पाठवा. निदान वरचे पाच मुद्दे घरात मोठ्याने वाचून दाखवा.)